शंखजिऱ्यातलं अ‍ॅस्बेस्टॉस: पोलरायझिंग मायक्रोस्कोप की इलेक्ट्रॉन?

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्र्यांना साच्यांच्या लेपासाठी शंखजिऱ्याची (टाल्कची) पावडर पुरवणारे, किंवा खानापूर-निपाणीच्या बाजारासाठी रांगोळी भरणारे ओळखीचे लोक हल्ली विचारतात, की अ‍ॅस्बेस्टॉसची तपासणी नेमकी कुठली करून घ्यावी? शंका रास्त आहे. शंखजिरं बरंचसं राजस्थानातून येतं आणि त्याच राज्यात ट्रेमोलाइट अ‍ॅस्बेस्टॉसच्याही खाणी होत्या.

फेज कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोपच्या भानगडीत पडू नका. हवेतले तंतू मोजायला ती पद्धत ठीक, पण तंतू कशाचा आहे ते तिला सांगता येत नाही. निवड करायची ती पोलरायझिंग मायक्रोस्कोप (ध्रुवित प्रकाशात खनिज ओळखणारा) आणि ईडीएस (कोणती मूलद्रव्यं आहेत ते आलेखातल्या शिखरांनी दाखवणारं उपकरण) जोडलेला स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप यांत. मी दोन्हींकडे सॅम्पल दिली आहेत.

कागदावर इलेक्ट्रॉनच सरस. साध्या प्रकाशात सुमारे 0.2 मायक्रॉनच्या खालचं दिसत नाही आणि क्रायसोटाइल या अ‍ॅस्बेस्टॉसचा सुटा तंतू तर 0.03 मायक्रॉनच्या आसपास असतो. फोटोही सुरेख येतो. पण मला अडलं ते त्या फोटोपाशीच. रिपोर्टात एक लांब तंतू, शेजारी मॅग्नेशियम-सिलिकॉनची शिखरं आणि शेरा: ‘मॅग्नेशियम सिलिकेट, संशयास्पद’. आता शंखजिरं स्वतःच कधी कधी तंतूसारखं वाढतं. त्यात मॅग्नेशियम-सिलिकॉनचं प्रमाण तीनास चार, अँथोफिलाइट अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये सातास आठ. एवढ्याशा फरकावर निकाल कसा लावायचा? गिऱ्हाईक विचारतं, ‘आहे की नाही तेवढं सांगा,’ आणि माल गोदामात पडून. पुन्हा सॅम्पल, पुन्हा पैसे, आणि हातात तोच शेरा.

पोलरायझिंगखाली हाच गुंता बराच सुटला. पावडर 1.605 वक्रीभवनांकाच्या द्रवात बसवायची, तंतू आडवा धरायचा आणि सुईच्या टोकाने कव्हर स्लिप हलकेच ढकलून तो लोळवायचा. शंखजिऱ्याचा पत्रा कडेवर उभा राहून तंतूचं सोंग घेत असेल, तर लोळताच रुंद होतो. शंखजिऱ्याची फीत असेल, तर एका बाजूने तिचा अंक 1.55 पर्यंत उतरतो आणि फोकस वर घेतला की कडेची उजळ रेषा बाहेर द्रवात सरकते. अँथोफिलाइट इतका खाली उतरत नाही. त्याच्या कडा द्रवात फिक्या पडतात किंवा रेषा आत येते. अर्थात बसणारी व्यक्ती सरावाची हवी. एकाच तंतूत दोन्ही खनिजं गुंतलेली असली, तर इथेही वाद उरतोच.

अंगाला लावायच्या पावडरीचं मात्र वेगळं. तिथे थेट ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, तोही इलेक्ट्रॉन विवर्तनासह (म्हणजे स्फटिकाची रचना तपासून), असंच मी म्हणेन. 2019 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या तपासणीत बेबी पावडरमध्ये क्रायसोटाइल सापडलं ते जेमतेम 0.00002 टक्के. पोलरायझिंगला ते दिसलं नसतं.

फौंड्री आणि रांगोळीच्या मालासाठी माझं मत आधी पोलरायझिंग, शंका उरली तर ट्रान्समिशन. सॅम्पल देण्यापूर्वी लॅबला विचारा: कोणकोणते द्रव वापरता, विलोपन कोन (तंतू फिरवताना तो कोणत्या कोनात काळा पडतो ते) नोंदवता का? पोती उघडताना मास्क लावा आणि एकाच पोत्यातलं सॅम्पल देऊ नका. गिरणीवाल्याकडून दळण्याआधीचे खडे मिळाले, तर तेही सोबत पाठवा. त्यांत तंतू अजून तुटलेले नसतात, म्हणून सापडायलाही सोपे जातात.