कोकणात कोई मासे: उन्हाळा आणि पावसाळा पाहिल्यानंतर

मागीलदारी, विहिरीला लागून चिऱ्याचा हौद बांधून आतून गिलावा केला आणि कोई, म्हणजे रंगीबेरंगी जपानी कार्प मासे, सोडले. उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही पार पडल्यावर लिहितोय. कोकणात कोई उत्तम राहतात, पण माशांच्या रंगांआधी पाण्याकडे बघायला हवं.

जांभ्यातून झिरपणारं आमच्या विहिरीचं पाणी फार मऊ, म्हणजे क्षार कमी असलेलं. फिल्टरमधले जिवाणू माशांच्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. त्यात पाण्याचा केएच, म्हणजे आम्ल शोषून पीएच स्थिर ठेवणारे कार्बोनेट क्षार, खर्च होत जातो. त्यावर जुलैचा पाऊस! पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. केएच संपला की पीएच एका रात्रीत कोसळू शकतो. यावरचा उपाय खाडीवर फुकट मिळतो: कालवांची शिंपलं. धुऊन, वाळवून, जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये पाणी पडतं तिथे ठेवली. पाणी आंबट व्हायला लागलं की ती आपोआप विरघळतात आणि केएच भरून काढतात. मधूनमधून पिशवी काढून बघतो. कडा झिजून कागदासारख्या पातळ झालेल्या असतात, वर बुळबुळीत थर. तो ब्रशने घासावाच लागतो, नाहीतर शिंपलं असून नसल्यासारखी. पावसाळाभर पीएच साडेसातच्या आसपास टिकला, याचं मला फार समाधान आहे. पागोळ्यांचं पाणी मात्र हौदात येऊ देऊ नका, पन्हळ लावा.

हे मासे मूळचे जपानमधल्या निइगाताच्या डोंगराळ गावांतले. तिथे हिवाळ्यात बर्फ पडतं, मासे खाणं सोडून तळाशी बसतात. आपल्याकडे ती विश्रांतीच नाही. बारा महिने खाणं, बारा महिने घाण. म्हणून फिल्टर विक्रेता सांगेल त्यापेक्षा मोठाच घ्या. कोईंना जठर नसतं, त्यामुळे दाणे थोडेथोडे, दिवसातून दोन-तीनदा.

मे महिन्यात लाईट गेली की खरी कसोटी. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसातच. पहाटे तो सगळ्यात कमी असतो, मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागतात. एअर पंप इन्व्हर्टरवर घ्या, घरातले पंखे नंतर.

ढोकरी आणि खंड्या येतातच. चार फूट खोली आणि उभ्या भिंती असल्याने ढोकरीला पाय टेकायला जागा मिळत नाही. खंड्यासाठी वरून जाळी लागतेच.

हौद भरून वाहतो त्या पाईपलाही बारीक जाळी हवी. कोई म्हणजे शेवटी कार्पच, ते वहाळात गेले तर तिथल्या माशांचं नुकसान करतील. आणि हे मासे दोन फुटांपर्यंत वाढतात. जागा लहान असेल तर गप्पी पाळा.