सूर्याच्या हवामानाचा मोफत अंदाज: सांगलीतल्या एका मोजणीवाल्याचा अनुभव

मी सांगलीत विश्रामबागला राहतो आणि खासगी मोजणीची कामं घेतो. प्लॉटचे ले-आउट, शेतीच्या वाटण्या, द्राक्षबागेतल्या पाइपलाइनची आखणी. वडील प्लेन टेबल आणि साखळीवर मोजायचे, माझ्याकडे रोव्हर आहे, म्हणजे उपग्रहांच्या सिग्नलवरून जागा मोजणारं काठीवरचं मशीन. उघड्या रानात बेस, म्हणजे त्याचा एका जागी ठेवलेला जोडीदार, लावला आणि रोव्हरवर ‘फिक्स’, म्हणजे पक्की पकड, आलं की दोन-तीन सेंटिमीटरच्या आत बिंदू मिळतो. आज ज्या सेवेबद्दल लिहितोय ती मात्र मोजणीची नाहीच. अमेरिकेतल्या नोआ या सरकारी संस्थेचं स्पेस वेदर प्रेडिक्शन सेंटर कोलोरॅडोत बोल्डर इथे आहे. ते चोवीस तास सूर्यावर नजर ठेवतं आणि पुढच्या तीन दिवसांचा अंदाज सगळ्या जगाला फुकट देतं. मे २०२४ पासून मी तो रोज बघतो. रोव्हर किंवा ड्रोन वापरणाऱ्या प्रत्येकाने बघावा, असं मला मनापासून वाटतं.

मार्च २०२४ मध्ये जत तालुक्यात दोन भावांची साडेअकरा एकरांची वाटणी करायची होती. दिवसभर काम सुरळीत झालं. शेवटचे तीन दगड राहिले आणि सूर्य मावळला. एवढं उरकूनच जा, असं दोघांचंही म्हणणं. साडेसातच्या सुमाराला फिक्स गेलं आणि ‘फ्लोट’, म्हणजे कच्ची पकड, आलं. परत फिक्स, परत फ्लोट. एकाच जागेवर दोनदा काठी धरली तर दोन्ही बिंदूंत सव्वा फुटाचा फरक. धाकटा भाऊ बॅटरीच्या उजेडात बघत होता. म्हणाला, “सायब, मगाशी तर दगड तिकडं हुता.” रात्रभर मला झोप लागली नाही. सव्वा फूट बांधासाठी आमच्याकडे माणसं वीस-वीस वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. काम थांबवून सकाळी परत गेलो. तोच बेस, तेच मशीन, आणि फिक्स दहा सेकंदांत.

मशीन दुरुस्तीला टाकलं. अँटेना बदलली, पैसे गेले, आणि एप्रिलमध्ये दिवस मावळल्यावर पुन्हा तेच. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकणाऱ्या माझ्या भाच्याने तेव्हा एकच प्रश्न विचारला, “मामा, हे अंधार पडल्यावरच होतं ना?”

त्याने जे समजावलं ते असं. जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटरवर. तिथून येणारा सिग्नल आयनोस्फिअरमधून, म्हणजे सूर्याच्या किरणांनी विद्युतभारित झालेल्या हवेच्या थरातून, खाली उतरतो आणि त्यात अडखळतो. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जातं. १९६३ मध्ये आपलं पहिलं रॉकेट थुंब्याहून उडवलं ते याच कारणाने. सूर्य मावळला की त्या पट्ट्यावरचा थर वर उचलला जातो आणि त्याच्या पोटातून विरळ भागाचे बुडबुडे वर घुसतात. ते उत्तरेला आणि दक्षिणेला शेकडो किलोमीटर पसरतात. त्यांतून येणारा सिग्नल ताऱ्यासारखा लुकलुकतो आणि रोव्हरची पकड सुटते. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात, त्यातही सूर्य जोरात असलेल्या वर्षांत, हे जास्त होतं. भारतीय भूचुंबकत्व संस्थेने पन्हाळ्यावर लावलेल्या आकाश टिपणाऱ्या कॅमेऱ्यात हेच बुडबुडे काळ्या पट्ट्यांसारखे आलेत. लहानपणापासून ज्या पन्हाळ्यावर सहलीला गेलो, तिथेच माझ्या मशीनच्या दुखण्याची चित्रं निघत होती हे ऐकून मी बराच वेळ गप्प बसलो.

तिथून मी सूर्याच्या मागे लागलो आणि या सेवेपर्यंत पोचलो.

साइट उघडली की वरच तीन चौकोन दिसतात: आर, एस आणि जी. आर म्हणजे रेडिओ. सूर्यावर भडका उडाला की त्याचे क्ष-किरण आठ मिनिटांत इथे पोचतात आणि पृथ्वीच्या ज्या बाजूला दिवस असतो तिथली शॉर्टवेव्ह कोलमडते. एस म्हणजे प्रोटॉनचा मारा. तो उपग्रहवाल्यांनी आणि ध्रुवाजवळून विमानं नेणाऱ्यांनी बघायचा. माझं काम जीशी, म्हणजे भूचुंबकीय वादळाशी. जी१ साधं, जी५ सगळ्यांत मोठं.

हे सांगलीकराला आयर्विन पुलावरून लगेच कळेल. जुलै-ऑगस्टात आपण आधी कोयनेचा विसर्ग विचारतो, मग कराडचं पाणी, मग पुलाजवळची पातळी. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २०१९ ला ती ५७ फुटांवर गेली तेव्हा काय झालं ते या गावातल्या पोराटोरांनाही पाठ आहे. सूर्याचंही तसंच. त्याच्या अंगातून अब्जावधी टन तप्त वायू चुंबकीय क्षेत्रासकट सुटतो, तो विसर्ग. पृथ्वीपर्यंत यायला त्याला साधारण एक ते तीन दिवस लागतात. वाटेत पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, एल१ नावाच्या बिंदूपाशी यानं बसवलेली आहेत, ते आपलं कराड. तिथे लोंढा लागला की हाताशी पाऊण तास, कधी जेमतेम पंधरा-वीस मिनिटं. आणि पुलावरच्या फुटांच्या जागी केपी नावाचा, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ सांगणारा आकडा, शून्य ते नऊ. पाचला जी१ सुरू होतं, नऊला जी५.

एक गोष्ट मात्र नदीत नसते. येणाऱ्या लोंढ्याच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा उत्तरेकडे असेल तर तो बराचसा बगल देऊन निघून जातो. दक्षिणेकडे असेल तर पृथ्वीच्या चुंबकीय कवचाचं दार उघडतं. साइटवर ‘बीझेड’ नावाची रेघ असते. ती शून्याच्या खाली गेली आणि तिथेच राहिली की समजायचं, दार उघडलं. लोंढा एल१पर्यंत येईतो ही दिशा नक्की कळत नाही, म्हणून जी३चा अंदाज कधी जी१वर निभावतो. मला यात काही वावगं वाटत नाही. विसर्गाचा आकडा कळला तरी आपल्या दारात पाणी किती चढेल ते शेवटपर्यंत कुठे नक्की सांगता येतं?

आता मे २०२४. दहा तारखेला शुक्रवारी अक्षय तृतीया होती, आणि मिरज रस्त्यावरच्या एका ले-आउटचे कोपरे शनिवारी रोवून द्यायचे ठरले होते. सूर्यावर ३६६४ क्रमांकाचा डागांचा भला मोठा गट होता आणि त्यातून एकापाठोपाठ एक लोंढे सुटत होते. या केंद्राने जी४चा आगाऊ इशारा दिला. असा इशारा २००५ नंतर पहिल्यांदाच निघाला होता. मी गाडीत टोटल स्टेशन, म्हणजे उपग्रहाशिवाय दुर्बिणीतून कोन आणि अंतर मोजणारं यंत्र, टाकलं आणि मालकांना फोन करून सांगितलं की उद्या उपग्रहावर विसंबून राहणार नाही. शुक्रवारी रात्री साडेदहानंतर लोंढा पोचला आणि वादळ जी५ला गेलं, ऑक्टोबर २००३ नंतर पहिल्यांदा. लडाखमध्ये हानलेच्या वेधशाळेच्या कॅमेऱ्यांना आकाश तांबडं झालेलं दिसलं. अमेरिकेत पेरणीच्या ऐन दिवसांत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर थांबले. शनिवारी सकाळी मी उत्सुकतेपोटी रोव्हरही लावून बघितला. फिक्स येत होतं आणि हातातून निसटत होतं. कोपरे टोटल स्टेशनवर रोवले. पुढच्या आठवड्यात सूर्य शांत झाल्यावर रोव्हरने तपासले, सगळे जागेवर. त्याच वर्षी नवरात्रात, १० ऑक्टोबरला, जी४ आलं, तेव्हा मी वाटणीचं काम दोन दिवस पुढे ढकलून मोकळा होतो.

वापरायला कसं आहे? तीन दिवसांचा अंदाज साध्या मजकुरात असतो. चित्रं नाहीत, जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही. आटपाडीच्या माळावर रेंजची एकच काडी असली तरी उघडतो. सगळ्या वेळा जागतिक घड्याळाच्या, त्यांत साडेपाच तास मिळवायचे. हा अंदाज दिवसातून दोनदा निघतो आणि तो आपल्याकडे बरोबर सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाला पडतो. पहिला चहा होईपर्यंत माझा वाचून झालेला असतो. इशाऱ्यांचे ईमेलही फुकट मिळतात. सुरुवातीला मी सगळेच मागवले आणि वैतागलो. आता फक्त जीचे ठेवलेत.

पण एक नीट समजून घ्या, नाहीतर माझ्यासारखं रानात अडकाल. संध्याकाळचे ते बुडबुडे केपीला विचारून येत नाहीत. केपी दोन असतानाही मार्चच्या संध्याकाळी फिक्स जातं. उलट मोठ्या वादळात ते कधी जोर धरतात, कधी दबतात. जीचा चौकोन हिरवा आहे म्हणून अंधार पडल्यावर बांधाचा दगड रोवू नका. त्यासाठी माझा नियम वेगळा आहे: मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर या चार महिन्यांत हद्दीचं काम सूर्य मावळायच्या आत बंद.

भाषा अर्थातच इंग्रजी, आणि तीही शास्त्रज्ञांची. इथे मला राहून राहून वाटतं. सप्टेंबर १८५९च्या त्या प्रचंड सौर वादळाची मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेतली नोंद आजही जगभरचे शास्त्रज्ञ अभ्यासतात. विजेच्या ट्रॅमचा त्रास नको म्हणून चुंबकीय मोजमापं अलिबागला नेली, तिथे १९०४ पासून ती चालू आहेत. सूर्याकडे बघणारं आपलं यान आदित्य-एल१ जानेवारी २०२४ मध्ये एल१ला पोचलं आणि त्यावरची सूर्याची अतिनील चित्रं काढणारी दुर्बीण पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेने घडवली. इतकं सगळं आपल्या मातीत असताना, शेतकऱ्याच्या मोबाइलवर पावसाच्या अंदाजाखाली ‘आज केपी अमुक, ड्रोन जपून’ एवढी एक ओळ मराठीत यायला हवी. आता जिल्ह्यात फवारणीचे ड्रोन वाढतायत. ही ओळ लवकर हवी.

पाचपैकी साडेचार गुण. अर्धा भाषेसाठी राखून ठेवलाय.

माझ्या मोजणीवहीत आता एक रकाना जास्त आहे. तारीख, गट नंबर, बेसची जागा, आणि त्याखाली सकाळी सहाचा केपी. जतचे ते दोघे भाऊ नकाशावर सह्या करायला आले तेव्हा धाकट्याने त्या आकड्यावर बोट ठेवून विचारलं. मी सांगितलं. त्याने थोरल्याला सांगितलं, आणि मग दोघांनी सह्या केल्या.