खालच्या पापणीची शस्त्रक्रिया: छेद आतून की बाहेरून?

डोळ्यांखालच्या पिशव्या काढायचे ठरले, पण छेद पापणीच्या आतून घ्यावा की केसांच्या ओळीखालून, यावर एक मैत्रीण अडली आहे. ही तुलना तिच्यासाठी.

आतून घेतलेल्या छेदाचा व्रण दिसत नाही आणि पापणी खाली ओढली जाण्याचा धोकाही कमी असतो. मात्र या मार्गाने फुगलेली चरबी काढता किंवा सरकवता येते, सैल कातडी कापता येत नाही. बाहेरचा छेद केसांच्या एक-दोन मिलिमीटर खाली असतो. त्यातून कातडीही काढता येते, पण ती गरजेपेक्षा थोडी जरी जास्त गेली, तर पापणी खाली ओढली जाऊन बुबुळाखालचा पांढरा भाग उघडा पडतो, डोळा नीट मिटत नाही, आणि हे दुरुस्त करणे मूळ शस्त्रक्रियेपेक्षा अवघड असते. म्हणूनच पापणी चिमटीत धरून ओढून सोडल्यावर ती किती पटकन जागेवर बसते, हे न तपासता बाहेरचा छेद सुचवणाऱ्या डॉक्टरांवर मी तरी विसंबणार नाही.

सूज आणि काळेनिळेपणा दोन्हींत साधारण एक-दोन आठवडे राहतो. कोरडे डोळे, थायरॉइड आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या यांविषयी आधीच सांगावे. नंतर तीव्र वेदना झाल्या किंवा दिसणे अंधुक झाले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

कातडी घट्ट, पण पिशव्या ठळक असतील तर आतला छेद योग्य. कातडी खरोखर लोंबत असेल आणि पापणीत ताण शिल्लक असेल तर बाहेरचा. त्वचेच्या रंगामुळे आलेली काळी वर्तुळे मात्र दोन्हींपैकी कशानेच जात नाहीत.