सिंगापूर–जोहोर जमिनीवरची सीमा: काही महिन्यांच्या ये-जानंतर कोकणातल्या मंडळींसाठी

सिंगापूरच्या वुडलँड्स नाक्यावरून मलेशियाच्या जोहोर बाहरूला जाणं-येणं मी काही महिने नियमित करतोय. काम तुआसच्या जहाजांच्या यार्डात, वर्क पास सिंगापूरचा, घर मालवणात. सुट्टीवर आलो की देवगड-वेंगुर्ल्यापासून ओळखीतली माणसं विचारतात, "मुलाकडे सिंगापूरला चाललोय, मलेशिया एका दिवसात करून येता येईल का?" येतं. पण त्या एका दिवसात दोन देशांची इमिग्रेशन चार वेळा पार करायची असते, हे आधी कोणी सांगत नाही, आणि हाल होतात ते सत्तरीतल्या आईवडिलांचे.

सगळ्यात महत्त्वाचं पहिल्यांदा. सिंगापूरच्या व्हिसावर किती प्रवेश दिलेत ते नीट वाचा. 'सिंगल जर्नी' असेल तर जोहोरला गेल्यावर परत सिंगापुरात येता येणार नाही, मग मुलाचं घर खाडीपलीकडे दिसत असलं तरी. 'मल्टिपल जर्नी' असेल तरच हा बेत करा. मलेशियाने भारतीयांना १ डिसेंबर २०२३ पासून ३० दिवसांपर्यंत व्हिसामाफी दिली आहे आणि ती ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवली आहे. मात्र माफी व्हिसाची आहे, कागदांची नाही. मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड निघण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरावं लागतं. परत येताना पाहुण्यांना सिंगापूरचं अरायव्हल कार्डही पुन्हा भरावं लागतं, विमानतळावर उतरताना भरलेलं चालत नाही. माझ्यासारख्या पासवाल्यांना जमिनीवरून येताना त्यातून सूट आहे, त्यामुळे मुलगा स्वतःचा अनुभव सांगतो आणि आईवडिलांचं कार्ड राहून जातं. दोन्ही कार्डं सरकारी संकेतस्थळांवर फुकट आहेत. पैसे मागणारी साइट उघडली तर ती बंद करा.

आता प्रत्यक्ष प्रवास. सिंगापूरच्या क्रांजी मेट्रो स्टेशनहून १७० नंबरची बस किंवा पिवळी कॉजवे लिंक घ्यायची. दहा-पंधरा मिनिटांत वुडलँड्स येतं. तिथे सामानासकट उतरायचं, सिंगापूरमधून बाहेर पडण्याची तपासणी करायची, खाली येऊन त्याच कंपनीची पुढची बस पकडायची, कॉजवे म्हणजे दोन देशांना जोडणारा खाडीवरचा रस्ता ओलांडायचा, आणि पलीकडे बांगुनान सुलतान इस्कंदर या भल्यामोठ्या इमारतीत पुन्हा उतरून मलेशियाच्या रांगेत लागायचं. आपली पहिली बस थांबत नाही, त्यामुळे सीटवर पिशवी ठेवून जाण्याचा प्रश्नच नाही. सिंगापूरची बाजू झटपट आहे, यंत्र चेहरा आणि डोळ्यांची बुबुळं तपासतं आणि दार उघडतं. पाहुण्यांच्या पासपोर्टवर तिथे शिक्का मारत नाहीत, राहण्याची मुदत ईमेलवर येते. आईवडिलांचा ईमेल नसतो, तेव्हा स्वतःचा द्या आणि आलेली तारीख वाचून त्यांना सांगा. माझ्या आईने दुसऱ्यांदा उतरताना विचारलं होतं, "परत उतराचा?" तिचे गुडघे दुखतात. लांबच लांब मार्गिका आणि सरकते जिने पाहून ती घाबरली होती. लिफ्ट आहेत, कर्मचाऱ्यांना विचारलं तर दाखवतात.

कॉजवे जेमतेम एक किलोमीटरचा, १९२४ साली खुला झालेला. या नाक्यावरून दिवसाला सरासरी तीन लाखांहून जास्त माणसं जातात. शुक्रवार संध्याकाळ, शनिवार सकाळ आणि शाळांच्या सुट्ट्यांत इथे गणपतीच्या आदल्या दिवशी माणगावात जशी गाड्यांची रांग लागते तशी लागते. बसमध्येच तास-दीड तास जाऊ शकतो, आणि कॉजवेवर स्वच्छतागृह नाही. कामाच्या दिवशी मात्र गंमत उलटी. पहाटेपासून हजारो मलेशियन कामगार मोटरसायकलींवरून सिंगापूरकडे येतात आणि संध्याकाळी परततात. त्यांची ओढाताण पाहून मला खरंच वाईट वाटतं, घरच्यांबरोबर राहता यावं म्हणून माणसं झोप सोडतात. आपण पाहुणे त्यांच्या उलट दिशेने जातो. मंगळवारी-बुधवारी सकाळी नऊ-दहाला निघून संध्याकाळी परतलं तर दोन्ही वेळा रस्ता बराच मोकळा मिळतो.

वयस्कर माणसं बरोबर असतील तर बस नकोच. शटल तेब्राउ ही ट्रेन घ्या. वुडलँड्स ते जेबी सेंट्रल, म्हणजे जोहोर बाहरूचं स्टेशन, पाच मिनिटं. जाताना दोन्ही देशांची तपासणी वुडलँड्सलाच एका छताखाली होते, उतरलं की थेट बाहेर. तिकीट सिंगापूरहून ५ डॉलर आणि जोहोरहून ५ रिंगिट. रिंगिट डॉलरच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याचा, म्हणून येतानाचा प्रवास फारच स्वस्त. अडचण तिकिटांची. शनिवार-रविवारची खूप आधी संपतात, आणि फाटक गाडी सुटण्याआधीच बंद होतं, त्यामुळे अर्धा तास आधी पोचा. सिंगापूरचं वुडलँड्स नॉर्थ ते जोहोर बाहरूतलं बुकित चागार अशी नवी आरटीएस (रॅपिड ट्रान्झिट सिस्टीम) रेल्वे डिसेंबर २०२६ पर्यंत सुरू करण्याचं नियोजन आहे, तिच्यात दोन्ही दिशांना निघतानाच दोन्ही देशांची तपासणी होईल. मी तिची मनापासून वाट पाहतोय.

पलीकडे काय बघायचं? जेबी सेंट्रलजवळचं राजकालीअम्मनचं काचेचं मंदिर. भिंती, छत, खांब सगळं काचेच्या तुकड्यांनी मढवलेलं. आई तिथून उठायलाच तयार नव्हती. बाकी मॉल आहेत, त्यासाठी एवढ्या रांगा लावू नयेत असं माझं मत.

आणि परतीच्या कस्टमबद्दल. मलेशियातून येताना सिंगापुरात दारूवर करसवलत नाही, सिगारेटला तर कुठूनही आलात तरी नाही. च्युइंगगम आणू नका. तोंडात ठेवायच्या तंबाखूवर सिंगापुरात बंदीच आहे, मग ती खायची असो वा दातांना लावायची मिशरी. आपल्याकडे कित्येक आज्यांच्या कमरेला ती डबी असते, आणि त्यांना बिचाऱ्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. घरातून निघतानाच प्रेमाने समजावून ती काढून घ्या.