जुन्या चर्चचा पूर्वेतिहास शोधायचाय: खणायचं की भिंती वाचायच्या?

मावसभाऊ इंग्लंडात आर्किऑलॉजी शिकतोय, त्याला प्रोजेक्टसाठी गावातलं मध्ययुगीन पॅरिश चर्च (म्हणजे गावाचं स्थानिक चर्च) घ्यायचंय आणि खोदकाम की भिंतींचा अभ्यास (दगड, जोड बघून कुठला भाग कधीचा ते ओळखणं) यात तो अडकलाय, तर माझं मत असं.

वेळ आणि खर्च बघितला तर खोदकाम म्हणजे हत्ती पोसणं. इंग्लंडातल्या बार्टन-अपॉन-हंबर गावचं सेंट पीटर्स चर्च १९७८ ते १९८४ खणत होते, अडीच हजारांहून जास्त सांगाडे निघाले, तेही चर्च वापरात नव्हतं म्हणून जमलं. चालू चर्चमधे परवानग्या, कबरी, गावकऱ्यांच्या भावना, सगळंच आलं. भिंतीला मचाण, कॅमेरा, मोजपट्टी आणि भरपूर चिकाटी एवढं पुरतं.

पण हाती काय लागतं? व्हॅरम पर्सी या यॉर्कशरमधल्या ओसाड मध्ययुगीन गावात दगडी चर्चखाली आधीच्या लाकडी चर्चच्या खुणा सापडल्या, त्या भिंत बघून जन्मात कळल्या नसत्या. उलट एसेक्समधलं रिव्हनहॉलचं चर्च सगळे व्हिक्टोरियन (एकोणिसाव्या शतकातलं) समजायचे, १९७०च्या दशकात गिलावा काढला तर आत सॅक्सन (१०६६ आधीच्या काळातल्या) भिंती! (गिलावा काढणं हीपण मोडतोडच म्हणा, पण खणलेला थर तर कायमचाच जातो.)

तारखेबाबत मात्र भिंत फसवते, कारण रोमन विटा, जुने दगड परत वापरलेले असतात. मूळ लाकूड टिकलं असेल तर त्यातली वाढीची वर्तुळं मोजा, झाड कधी तोडलं ते त्यावरून कळतं; एसेक्समधलं ग्रीनस्टेडचं लाकडी चर्च ८४५चं म्हणायचे, ते अकराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं निघालं.

एकटा असशील, हातात एकच वर्ष असेल तर भिंतच घे. फरशी बदलायला किंवा ड्रेनेजसाठी जमीन उकरणारच असतील, सोबत टीम असेल, तरच खोदकाम.