आधी चर्चची नोंदवही की मृत्युपत्र?

भाचीच्या इंग्रज सासरी सतराव्या शतकातला एक जमीनदार पूर्वज शोधायचाय. ती विचारते, सुरुवात कुठून करू?

पॅरिशच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, नोंदवह्या १५३८ पासूनच्या. बाप्तिस्मा, लग्न, दफन, बस्स. नाव आणि तारीख मिळते, पण एका गावात तीन जॉन असले की डोकं धरून बसायचं. नावापुढे ‘जेंट’ किंवा ‘एस्क्वायर’ ही प्रतिष्ठित घराण्याची बिरुदं दिसली तर नशीब. शिवाय १६४० ते १६६० च्या यादवीच्या आणि राजाविनाच्या काळात कित्येक वह्यांत खिंडारं आहेत. तिथे बिशपकडे पाठवलेल्या वार्षिक नकलाही क्वचितच मदतीला येतात.

मृत्युपत्र मात्र बोलतं: बायको, मुली, जावई, भाचरं, चांदीची भांडी, शेतं. एकाहून जास्त बिशपांच्या हद्दीत मालमत्ता असलेल्यांची मृत्युपत्रं बहुधा कँटरबरीच्या धर्मन्यायालयात जात. १३८४ ते १८५८ ची लंडनमधल्या क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. जुनं अक्षर लावायला मोडीइतकाच घाम. आणि एक गोम: थोरल्याला जमीन आधीच ठरलेली, म्हणून कधी त्याचा उल्लेखच नसतो!

नाती जुळवायची असतील तर मृत्युपत्र आधी. नेमक्या तारखा हव्यात किंवा पूर्वज मृत्युपत्र न करताच गेला असेल तर नोंदवही.