मोबाईल स्टार्टर चांगला, पण बिघाड सांगण्याची त्याची रीत घातक

रावेर तालुक्यातील आमच्या केळीच्या बोअरवर मागच्या पावसाळ्यानंतर बसवलेल्या मोबाईल स्टार्टरविषयी, म्हणजे फोनवरून मोटर चालू-बंद करणाऱ्या पेटीविषयी, हे लिहीत आहे. निमित्त मे महिन्यात जळालेल्या मोटरचे आहे. तरीही माझी तक्रार स्टार्टरच्या यंत्राविषयी नसून त्याच्या ॲपवर उमटणाऱ्या एका ओळीविषयी आहे.

आधी जमेची बाजू. थ्री फेज (शेतीपंपाची तीन तारांतून येणारी वीज) कधी दिवसा येते, कधी रात्री, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. रात्रपाळीच्या आठवड्यात बॅटरी घेऊन बांधाबांधाने शेतात जाणे या यंत्रामुळे थांबले. वीज आल्याचा संदेश फोनवर येतो आणि ऑटो मोड लावला असेल तर ठरवलेल्या वेळाने मोटर आपोआप सुरू होते. हिवाळाभर मी याची शिफारस भेटेल त्याला करत होतो आणि तेवढ्यापुरती ती आजही कायम आहे.

उन्हाळा लागला तशी खरी परीक्षा सुरू झाली. पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला की केळीला पाण्याचा एक दिवसही खंड चालत नाही आणि नेमक्या त्याच काळात व्होल्टेज पडते, बोअरची पातळी खाली जाते, डीपीवरचा (रोहित्रावरचा) फ्यूज उडतो. अशा प्रत्येक वेळी ॲपवर एकच वाक्य येत असे: "त्रुटी आढळली. कृपया पुन्हा प्रयत्न करा." एक फेज गेला तरी हेच, बोअर उपसून ड्राय रन झाला तरी हेच, मोटर ओव्हरलोड होऊन (जादा भार येऊन) ट्रिप झाली, म्हणजे आपोआप बंद पडली, तरी हेच. इतकेच काय, स्टार्टरमधल्या सिमचा रिचार्ज संपला तेव्हाही हेच. (नुसते संदेश पाठवणाऱ्या सिमला माणसाइतका रिचार्ज का लागावा, हा वेगळा विषय आहे.)

या चारही बिघाडांवरचे उपाय मात्र एकमेकांपासून पूर्ण वेगळे आहेत. फेज गेला असेल तर लाईनमनला फोन करायचा आणि मोटरला हात लावायचा नाही, कारण चालू मोटरचा एक फेज तुटला की उरलेल्या दोन फेजमधला प्रवाह जवळजवळ पावणेदोन पट होतो. ड्राय रन असेल तर बोअरमध्ये पाणी साचेपर्यंत थांबायचे. ओव्हरलोड असेल तर नुसते थांबून चालत नाही, बिघाडाचे मूळ शोधावे लागते. "पुन्हा प्रयत्न करा" हा सल्ला यांपैकी एकाही बिघाडाला लागू पडत नाही.

मे महिन्यात वाळू अडकून पंप जाम झाला, तेव्हा सालदाराने (वर्षभरासाठी ठेवलेल्या गड्याने) ॲपवरचा सल्ला तंतोतंत पाळला. जाम झालेली मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. स्टार्टर काही सेकंदांत ट्रिप करतो हे खरे, परंतु तेवढ्यात तापलेले वायंडिंग (मोटरमधले तारेचे वेटोळे) थंड होण्याआधी पुन्हा बटन दाबले की उष्णता साठत जाते. तशीच आमची मोटर जळाली. मी विचारले तेव्हा त्याने शांतपणे फोन पुढे केला. "मेसेजमधीच लिहेल व्हतं भाऊ, परत दाबा." त्याच्या बोलण्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. मोटर बाहेर काढणे, भरून घेणे (नवे वायंडिंग करून घेणे) आणि परत सोडणे यांचा एकत्रित खर्च स्टार्टरच्या किमतीपेक्षा अधिक झाला. तेवढे दिवस शेजाऱ्याकडून पाणी मागून घ्यावे लागले.

तोवर माझा समज असा होता की यंत्रालाच बिघाडाचे कारण कळत नसावे. मोटर परत सोडायला आलेल्या मिस्त्रीने स्टार्टरची पेटी उघडली, काँटॅक्टरजवळ (मोटरची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या भागाजवळ) वाळून गेलेली पाल काढून टाकली आणि आतल्या बोटभर पडद्यावर एक बटन दाबून धरले. तिथे सगळी नोंद होती: कोणत्या वेळी कोणता फेज गेला, व्होल्टेज किती होते, ट्रिप होताना किती अँपिअर प्रवाह वाहत होता. पाच एचपीची मोटर एरवी साधारण आठ अँपिअर घेते. त्या दिवशीचा आकडा पाहून कोणीही बटनापासून हात मागे घेतला असता. या नोंदीमुळे यंत्राविषयीचे माझे मत सुधारले आणि ॲपविषयीचे आणखी बिघडले, कारण सगळी माहिती हाताशी असताना मालकापासून ती लपवून ठेवणे हे न कळण्यापेक्षा वाईट आहे. जुन्या पेटीवरच्या, प्रवाह दाखवणाऱ्या अँमीटरचा काटा अशिक्षित माणसालाही अधिक सांगत असे.

कंपनीला सविस्तर लिहिले. उत्तर आले की ॲप "सर्वसामान्य शेतकऱ्याला गोंधळ होऊ नये म्हणून" सोपे ठेवले आहे. केळीला ठिबकमधून कोणत्या आठवड्यात किती युरिया आणि किती पोटॅश सोडायचे याचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाला "आर फेज नाही" हे तीन शब्द कळणार नाहीत, असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा आमच्या बांधावर यावे.

सध्या ऑटो मोड बंद ठेवला आहे आणि ट्रिप झाली की पेटी उघडून पडदा पाहिल्याशिवाय मोटर सुरू करायची नाही, असे सालदाराला बजावले आहे. म्हणजे रात्रीची फेरी काही प्रमाणात परत आली. ज्यांची विहीर घरापासून लांब आहे आणि पाणी मुबलक आहे, त्यांनी हा स्टार्टर जरूर घ्यावा. ज्यांचे बोअर उन्हाळ्यात उपसते किंवा वाळू ओढते, त्यांनी दुकानात पैसे देण्याआधी विक्रेत्यासमोर एक फेज काढायला लावावा आणि ॲपवर काय उमटते ते स्वतः वाचावे.